वाचकांचे प्रश्न: लेआउटवरची ओव्हरहेड क्रेन

प्रश्न (डोंबिवली): माझा एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचा छोटा लेआउट आहे, भिंतीवरच्या चार फुटी फळीवर. एका सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळाला, स्टीलचं यार्ड करायचंय आणि त्यात ओव्हरहेड क्रेन हवीये. बाहेरून किट मागवलं तर ड्युटी धरून परवडत नाही. घरी बनवता येईल का? खांब किती उंच ठेवू, गर्डर किती लांब, काहीच अंदाज येत नाहीये.

उत्तर: येईल की, आणि किटपेक्षा बरी येईल कारण ती तुमच्या फळीच्या मापाची असेल. फक्त सुरुवात खांबांपासून करू नका. बहुतेक जण आधी खांब उभे करतात, वर गर्डर टाकतात आणि सगळं चिकटवून झाल्यावर कळतं की हुक वॅगनच्या मधोमध येतच नाही. हुक काय उचलणार, कुठून उचलणार आणि कुठे ठेवणार एवढं आधी ठरवा, मग बाकीची मापं आपोआप पडत जातात.

आता बघा, एचओ म्हणजे १:८७, म्हणजे खरा एक मीटर लेआउटवर साडेअकरा मिलिमीटर. क्रेनची ट्रॉली, जिला कारखान्यात क्रॅब म्हणतात, ती गर्डरच्या अगदी टोकापर्यंत जात नाही, त्यामुळे दोन्ही बाजूंना साधारण मीटरभर पट्टा असा राहतो जिथे हुक पोचतच नाही. लेआउटवर तो १२ मिलिमीटर झाला. सायडिंग खांबांना चिकटून टाकलंत तर वॅगनचा मध्य याच पट्ट्यात जाईल, म्हणून रूळ आतल्या बाजूला घ्या आणि तुमच्याकडचं सगळ्यात रुंद इंजिन खांबाजवळून हाताने ढकलून बघा. स्पॅन, म्हणजे गर्डर ज्या दोन रुळांवर टेकतो त्यांच्यातलं अंतर, १२ मीटर धरला तर १३८ मिलिमीटर होतात, चार फुटी फळीला तेवढं बास.

उंची अशीच खालून वर मोजत जा. बॉक्सएन, म्हणजे वरून उघडी मालवाहू वॅगन, सव्वातीन मीटरच्या आसपास उंच, म्हणजे ३७ मिलिमीटर, तिच्यावरून माल न्यायचा तर खाली ४० तरी मोकळे हवेत. त्यावर दीड मीटरची कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, १७ मिलिमीटर. मग स्लिंगचे, म्हणजे माल बांधायच्या दोराचे, १५ आणि हुक ब्लॉकचे १२. झाले ८४. म्हणजे क्रेनचे रूळ ८५ ते ९० मिलिमीटरवर ठेवा, खऱ्यात ते साडेसात मीटरच्या आसपास जातं आणि शोभतं. खांब दर ६ मीटरला, म्हणजे ६९ मिलिमीटरवर एक. गर्डरची खोली ९ मिलिमीटर ठेवा, त्याहून बारीक केलात तर डोळ्यालाच पटत नाही की हा दहा टन उचलेल.

खांब, गर्डर सगळं स्टायरीन प्लास्टिकचं करा. आर्किटेक्चरच्या मुलांना मॉडेलचं सामान देणाऱ्या दुकानात शीट मिळते, तिच्या पट्ट्या कापून तीन पट्ट्यांचा आय सेक्शन जोडायचा. पुठ्ठा नको. मुंबईच्या पावसाळ्यात पुठ्ठा हवेतलं पाणी पितो, गँट्री बीम, म्हणजे क्रेनचे रूळ पेलणारी तुळई, वाकतो आणि क्रेनला तेवढा वाक अडकायला पुरतो. फेव्हिक्विकने पांढरी वाफ धरते, त्यापेक्षा प्लास्टिक सिमेंट ब्रशने लावा, खिडकी उघडी ठेवून.

आणि एक, शक्य असेल तर यार्ड उघडंच ठेवा, छप्पर नको. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे एक चक्कर मारा, रस्त्यावरून जे दिसतं तेही खूप असतं. गर्डर उंच खांबांवरच्या रुळांवर धावत असेल तर ती ओव्हरहेड, आणि क्रेनला स्वतःचे पाय असून ती जमिनीवरच्या रुळांवर चालत असेल तर ती गोलायथ. दोन्हींची मापं मिसळू नका. छपराखाली केलेली क्रेन वरून दिसतच नाही आणि एवढी मेहनत झाकली गेली की मला फार वाईट वाटतं.

प्रश्न (ठाणे): क्रेन तयार आहे, दिसायलाही छान झालीये, पण गर्डर हाताने सरकवला की तिरका होतो आणि मध्येच अडकतो. रूळ दोन-तीनदा सरळ केले, तरी तेच.

उत्तर: रूळ सरळ असतील तर दोष एंड कॅरेजमध्ये आहे. एंड कॅरेज म्हणजे गर्डरच्या दोन्ही टोकांची चाकांची पेटी. तिच्या दोन चाकांतलं अंतर स्पॅनच्या मानाने कमी असलं की एका बाजूने ढकलल्यावर ती बाजू पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि चाकांच्या कडा रुळाला चावतात, जुन्या कपाटाचा रुंद ड्रॉवर एका कोपऱ्याने ओढला की जसा बसतो ना, तसंच. खऱ्या क्रेनमध्ये हे अंतर स्पॅनच्या सातव्या भागाच्या खाली जाऊ देत नाहीत. १३८ च्या स्पॅनला ते २० मिलिमीटर येतं, पण मॉडेलमध्ये घर्षण जास्त म्हणून तुम्ही २८-३० ठेवा, कुणाच्या नजरेला खटकत नाही.

दुसरं, चारही चाकांना कडा ठेवू नका. एका बाजूच्या दोन चाकांना ठेवा, दुसऱ्या बाजूची चाकं सपाट करा. मग रुळांमधलं अंतर कुठे अर्धा मिलिमीटर कमी-जास्त झालं तरी सपाट चाकं ते सोसतात आणि वाट फक्त एकच रूळ दाखवतो. तिसरं, दोन्ही बाजूंची चाकं एकाच आडव्या शाफ्टवर घ्या. जुन्या क्रेनमध्ये गर्डरच्या लांबीने असा शाफ्ट खरोखरच असायचा, एक मोटर मध्ये आणि दोन्ही टोकांची चाकं एकदमच फिरणार, म्हणजे तो दिसला तरी चुकीचा नाही. दीड मिलिमीटरची पितळी तार चालते, फक्त ती सपाट काचेवर लोळवून सरळ आहे का ते बघून घ्या.

प्रश्न (गिरगाव): हुकचा दोरा वाकडा लोंबतो आणि जवळून केसाळ दिसतो. शिवाय मोटर लावावी का?

उत्तर: दोरा शिवणाचा सुती असेल तर केसाळ दिसणारच. काळा पॉलिस्टरचा बारीक दोरा घ्या, मेणावरून दोन-तीनदा ओढा, तंतू बसतात. वाकडा लोंबतो कारण हुक ब्लॉक हलका आहे. ब्लॉक पोकळ करून आत सोल्डर वायरचे तुकडे ठासून भरा, तो जड झाला की दोरा ताठ राहतो.

मोटर जरूर लावा, पण वेगाकडे लक्ष द्या. खरी क्रेन मिनिटाला २०-३० मीटर सरकते, म्हणजे लेआउटवर सेकंदाला ४ ते ६ मिलिमीटर, आणि उचलताना तर त्याहून खूपच हळू, हुक वर जाताना दिसेल न दिसेल इतका. लॅमिंग्टन रोडला एन-२० गिअर मोटर मिळते, १२ मिलिमीटर रुंद, म्हणजे एचओत जेमतेम मीटरभर, ट्रॉलीवर पत्र्याच्या डब्याखाली सहज लपते. ३० आरपीएमची घ्या. त्यावर ६ मिलिमीटरचं चाक सेकंदाला साडेनऊ मिलिमीटर चालतं, व्होल्टेज निम्म्यावर आणलं की बरोबर बसतं. हुकसाठी ३ मिलिमीटरचा ड्रम ठेवा आणि दोरा ब्लॉकमधल्या पुलीतून फिरवून वर ट्रॉलीलाच बांधा, म्हणजे हुकचा वेग दोऱ्याच्या निम्मा होतो आणि मोटरवरचा भारही निम्मा. पुली खरी फिरणारी हवी, चिकटवलेली असेल तर दोरा तिच्यावर घासत राहतो आणि रिकामा हुक खालीच येत नाही.

ट्रॉलीला करंट द्यायला गर्डरच्या कडेने दोन पितळी तारा ताणा आणि ट्रॉलीवरून त्यांना टेकणारी स्प्रिंगची पत्ती लावा. खऱ्या कारखान्यातही खांबांच्या रांगेने अशा उघड्या तारा असतात, डीएसएल म्हणतात त्यांना, म्हणजे तुमचं वायरिंग लपवायची गरजच नाही. रंग पिवळा, हुक ब्लॉकवर काळे पट्टे, आणि गर्डरवर दोन्ही बाजूंनी 'एसडब्ल्यूएल १० टन', म्हणजे सुरक्षित उचलायचा भार, लिहायला विसरू नका.