एच-४ व्हिसावर क्वीन्सला येताय? पहिल्याच आठवड्यात लायब्ररी गाठा

तुम्ही विचारलंत, "मिस्टरांचा एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीचा व्हिसा, माझा त्यांच्या बायकोचा म्हणून एच-४. नाशिकला बारा वर्षं शाळेत शिकवलं, आता न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये दिवसभर घरात काय करू?" हाच घोर घेऊन मीही इथे आले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

एच-४ वर नोकरी करता येत नाही. मिस्टरांच्या ग्रीनकार्डासाठीचा आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झाला की नोकरीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण त्याला वेळ लागतो. शिकायला मात्र पहिल्या दिवसापासून मोकळीक आहे, आणि त्यासाठी लायब्ररीइतकी चांगली जागा मला सापडली नाही. आपल्याकडच्यासारखी अनामत नाही, वर्गणी नाही. ऑक्टोबर २०२१ पासून पुस्तक उशिरा परत केलं तरी दंड नाही. हरवलं तर भरून द्यावं लागतं. व्हिसा कोणता, हे कुणी विचारत नाही.

शहरात लायब्ररीच्या तीन वेगळ्या संस्था आहेत, तुमची क्वीन्सची. नव्याने आलेल्यांसाठी त्यांचा खास विभाग १९७७ पासून चालू आहे. सात नंबरच्या ट्रेनने शेवटच्या स्टेशनला, फ्लशिंगला उतरलात की दोन-चार मिनिटांवर त्यांची मोठी शाखा आहे. प्रौढांच्या शिक्षणाचं केंद्र तिथेच आहे.

आता मुद्द्याचं. मी एम.कॉम., इंग्रजी पेपर रोज वाचणारी. मला कशाला इंग्रजीचा वर्ग, म्हणून पहिले चार महिने फिरकलेच नाही. ते चार महिने वाया गेले याचं मला आजही वाईट वाटतं. वाचता येणं वेगळं आणि दवाखान्यातल्या बाईशी फोनवर बोलणं वेगळं. संभाषणाच्या गटात आम्ही सात-आठ जण टेबलाभोवती बसायचो. शेजारी एक कोरियन आजी, समोर इक्वेडोरची बाई. 'व्हेस्ट' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, 'वेस्ट' म्हणताना ओठांचा चंबू करायचा, हे मला तिथे कळलं. मी दोन्ही शब्द सारखेच म्हणायचे आणि समोरच्याला कळायचं नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर आठवड्याला कुणीतरी माझी वाट बघत असायचं. परक्या गावात त्याची किंमत फार असते.

नियमित वर्गांना जागा मोजक्या असतात आणि पातळी ठरवायला आधी चाचणी घेतात. म्हणून नावनोंदणीची तारीख काउंटरवर विचारून ठेवा. संभाषणाच्या गटापासून सुरुवात करणं सोपं जातं.

व्याख्यानांनाही जा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेची आपल्याला परंपरा आहे. ऐकायची सवय रक्तातच आहे. इथे लेखक येतात, भाडेकरूंचे हक्क, कर भरणं असे विषयही असतात. शेवटी प्रश्न विचाराच, बोलायची भीड तिथेच मोडते. शिवाय लायब्ररीच्या कार्डावर 'कल्चर पास' या सोयीतून कित्येक संग्रहालयांत फुकट जाता येतं.

एक काम आत्ताच करा. कार्डासाठी पत्त्याचा पुरावा लागतो, आणि आपल्याकडच्या बायकांचं इथे कशावरच नाव नसतं. घराच्या भाडेकरारावर तुमचंही नाव घालायला मिस्टरांना सांगा.