धुऱ्यावर नेऊन बघा

प्रश्न : बाबांसाठी फोन घ्यायचा आहे, बजेट पंधरा हजाराच्या आसपास. गाव आर्णी तालुक्यात, घरी कापूस-तूर. दोन मॉडेल नजरेत आहेत. पहिल्याच्या डब्यावर १२ जीबी रॅम आणि १०८ मेगापिक्सल कॅमेरा लिहिलाय. दुसऱ्यात ६ जीबी, ५० मेगापिक्सल, पण अ‍ॅमोलेड स्क्रीन (जिचे बिंदू स्वतःच उजळतात), आणि किंमत हजारानं जास्त. दुकानदार म्हणतो पहिलाच घ्या, हार्डवेअर डबल आहे. बाबा फोनवर बोलतात, ई-पीक पाहणी करतात, बाजारभाव बघतात आणि पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल लावतात. कोणता घेऊ?
– एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, दुसरा घ्या. एक अट आहे, ती पुढे सांगतो.

आधी ते 'डबल' बघू. डबा उलटा करून बारीक अक्षरं वाचा. बहुतेक तिथे ६ + ६ लिहिलेलं सापडेल. पहिले सहा खरे रॅम, म्हणजे चालू कामाची वेगवान जागा. दुसरे सहा म्हणजे फोनच्या स्टोरेजमधलाच एक कोपरा रॅम म्हणून वापरायला दिलेला. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू असतं, त्यामुळे घरात जागा नाही म्हणून पाहुण्याची खाट गोठ्यात टाकावी, तसला हा प्रकार. १०८ मेगापिक्सलचंही तेच. रोजचा फोटो काढताना नऊ-नऊ बिंदू एकत्र करून साधारण १२ मेगापिक्सलचाच फोटो निघतो. पऱ्हाटीचा फोटो काढायला तो पुरून उरतो. ५० वाला चार-चार बिंदू एकत्र करून साडेबारावर येतो. म्हणजे निकाल बरोबरीत.

आता माझीच फजिती सांगतो. एसटी स्टँडसमोर माझं दुरुस्तीचं काउंटर आहे, सतरा वर्षं झाली. तरी वडिलांसाठी फोन घेताना मी प्रोसेसर बघितला, गेम किती सुरळीत चालतो ते बघितलं. जणू म्हातारा गेमच खेळणार होता! मे महिना, दुपारचा एक. वावरातल्या विहिरीवरची मोटर बंद पडली. वडिलांनी मेकॅनिकला व्हिडिओ कॉल लावून स्टार्टरची पेटी दाखवायला घेतली. स्क्रीन आधी अंधारली, मग फोन गरम झाल्याची सूचना आली आणि कॅमेराच बंद. घरी आल्यावर फोन माझ्या हातात देत म्हणाले, "मले तं याच्यात माह्यंच थोबाड दिसून राह्यलं."

फोन बिघडला नव्हता. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत फोन वापरा असं सांगतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ सहज होतं. बॅटरी जपायला फोन स्वतःच उजेड कमी करतो, चार्जिंग थांबवतो. त्यात माझ्या त्या फोनची स्क्रीन साधी एलसीडी, उजेड ५०० निट्सच्या (स्क्रीनच्या उजेडाचं माप) आत. काउंटरच्या ट्यूबलाइटखाली ती झकास दिसायची. तुमच्या दुसऱ्या मॉडेलची अ‍ॅमोलेड उन्हात वाचता येईल इतकी उजळ होत असेल, तर ते हजार रुपये वसूल आहेत. पण माझ्या शब्दावर घेऊ नका. दुकानदाराला म्हणा, डेमोचा फोन पायरीवर उन्हात आणा, आणि बाबांनाच त्यावरचा बाजारभाव वाचायला सांगा. चष्मा न लावता.

आता अट. गावात कुणाकडे तेच मॉडेल असेल तर बाबांचं सिम त्यात घाला आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर जा. सिग्नलच्या काड्या मोजू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या मनानं काढते. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल', मग 'सिमची स्थिती' उघडा. तिथे वजा चिन्हाचा आकडा दिसेल. वजा ९० च्या आसपास असेल तर चांगलं. वजा ११५ च्या पलीकडे गेला तर बोलणं तुटणार. त्याच जागी बाबांच्या जुन्या फोनवरही आकडा बघा. टॉवर लांब असला की ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झचे बँडच (टॉवरच्या लहरींचे पट्टे) वावरापर्यंत पोचतात, म्हणून तुमची सिम कंपनी वापरते ते बँड फोनमध्ये आहेत का हे आधी बघायचं. नवा फोन इथे मागे पडला तर अ‍ॅमोलेड असो की सोन्याची स्क्रीन, तो घेऊ नका.

ई-पीक पाहणीबद्दल थोडं. 'लोकेशन मिळत नाही' म्हणून लोक फोनला शिव्या देतात. इंटरनेट असलं की उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला लगेच मिळते. नसलं की तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यावी लागते, आणि ती येते सेकंदाला ५० बिट या वेगानं. आकाश मोकळं असलं तरी अर्धा मिनिट जातं. लिंबाखाली उभं राहिलात तर मध्येच तुटून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गावात रेंज असतानाच नकाशा उघडा, निळा ठिपका स्थिर होऊ द्या, मग वावरात जा. ती माहिती काही तास चालते. या कामात महाग-स्वस्त फोनचा फरक मला फारसा दिसला नाही.

दुकानदाराला एक विचारायचं राहिलंच : स्टोरेज ईएमएमसी प्रकारचं आहे की यूएफएस? तो गडबडेल. ईएमएमसी सेकंदाला साधारण ३०० एमबी वाचतं, यूएफएसची २.२ ही आवृत्ती साधारण एक हजार एमबी. नवा असताना कळत नाही. वर्षभरानं नातेवाइकांचे 'शुभ सकाळ' भरले की कळतं.

आणि बोटाचा ठसा. वेचणीत बोंडाच्या टोकांनी बोटं खरचटलेली असतात, महागडा सेन्सरही ओळखत नाही. डाव्या हाताची दोन बोटं नोंदवा, सोबत चार आकड्यांचा पिन ठेवा. २००३ साली नोकिया ११०० आला तेव्हा त्याला टॉर्च होता आणि बटणांत धूळ जात नव्हती. बनवणाऱ्यानं कुठलं तरी वावर पाहिलं असणार, असं मला आजही वाटतं.

प्रश्न : फोन चार्ज होत नाही, वायर घट्ट बसत नाही. दुकानात चार्जिंग पोर्ट बदलायला सांगतात. आठच महिन्यांचा फोन आहे.
– एक वाचक, ता. हिंगणघाट

उत्तर : ताई, वेचणीला जाताना फोन ओटीतच ठेवत असाल ना? फोन बंद करा, टॉर्चच्या उजेडात पोर्टमध्ये बघा. तळाशी करडा थर दिसला तर तो रुईचा आहे. तंतू आत जातात आणि दर वेळी वायर घालताना आणखी दाबले जातात, शेवटी नमद्यासारखे घट्ट बसतात. लाकडी दातकोरणीनं कडेकडेनं, हळू उकरा. सुई किंवा पिन अजिबात नको, मधली पातळ जीभ वाकली की खरंच पोर्ट बदलावा लागतो. फुंकूही नका, थुंकीची वाफ आत जाते. परवा एका फोनमधून मी वातीएवढी रुई काढली, आणि तो 'पोर्ट गेला' म्हणून दोन दुकानं फिरून आला होता.

एवढं करूनही वायर हलली तर पोर्ट बदला. काढलेला जुना पोर्ट मात्र दुकानातून मागून घ्या.