कमी उजेडासाठी पहिला कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

सातारा : बारसं, साखरपुडा, वाढदिवस असे घरातलेच फोटो काढायचे आहेत. पहिलाच कॅमेरा आहे. दुकानदार जास्त मेगापिक्सेलचा घ्या म्हणतात. घ्यावा का?

मेगापिक्सेलच्या नादी लागू नका, २४ भरपूर झाले. सगळे पैसे बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात घालायचे आणि लेन्सला काही उरत नाही, घोटाळा होतो तो इथंच. कॅनन आर५० कॅमेऱ्यासोबत येणारी १८-४५ एमएमची लेन्स पूर्ण झूम केली की एफ/६.३वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड मोठं उघडतं). एफ/१.८ची लेन्स तिच्या बारापट उजेड आत घेते. शटर १/१० सेकंदावर अडकून पाळण्यातल्या बाळाचे हात पुसट येत असतील, तर त्याच आयएसओला (सेन्सरच्या संवेदनशीलतेला) आता १/१२५ मिळेल.

मात्र स्वस्त पडते म्हणून डोळे झाकून ५० एमएम घेऊ नका. कॅननच्या एपीएस-सी, म्हणजे फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर ती ८० एमएमइतकं जवळचं दाखवते. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकली तरी आजी फ्रेममध्ये आणि पाळणा बाहेर! त्यापेक्षा सिग्माची ३० एमएम एफ/१.४ बरी. निकॉन झेड३० घेणार असाल तर निकॉनचीच २४ एमएम एफ/१.७.

दोन रांगांच्या ग्रुप फोटोला एफ/१.८ चालत नाही, मागची रांग पुसट होते. तिथं एफ/४ किंवा ५.६ ठेवा आणि फ्लॅश छताकडे वळवा. छत पांढरंच हवं; पीओपीला गुलाबी रंग दिलेला असेल तर तोच चेहऱ्यांवर उतरतो. आर५०वर साधा फ्लॅश थेट चालत नाही, एडी-ई१ अडॅप्टर लागतो. हे बिल होण्याआधीच विचारून घ्या.

सांगली : भावे नाट्यमंदिरात नाटकाचे फोटो काढले. चेहरे पांढरेफटक आणि फोटोवर आडवे पट्टे. कॅमेरा बदलू का?

कॅमेरा ठीक आहे. मागचा काळा पडदा बघून कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, म्हणून तो एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड वाढवतो आणि चेहरे उडतात. स्पॉट मीटरिंग लावा (कॅमेरा फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजेल) किंवा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -१ करा. प्रकाशयोजना स्थिर असेल तर सरळ मॅन्युअल : एफ/२, १/२००, आयएसओ ३२००पासून सुरुवात. व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणं) ऑटोवर नको, रॉ फाइल ठेवा, म्हणजे रंग नंतरही सुधारता येतात.

पट्टे येतात ते सायलेंट मोडमुळे. त्यात शटर इलेक्ट्रॉनिक असतं, सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो आणि तेवढ्यात एलईडी दिवे लुकलुकतात. मेकॅनिकल शटर वापरा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तरीही पट्टे आले तर वरच्या १/२००ऐवजी १/१०० किंवा १/५० बहुधा सुरक्षित. पात्र संवादात थबकलं की दाबा. आवाजानं प्रेक्षक वैतागतील हे खरं, म्हणून फोटो रंगीत तालमीलाच उरकावेत.

मिरज : आमच्या कारखान्यात तंबोऱ्याची जवारी काढतानाचे, म्हणजे तारांखालची घोडी घासून सूर जुळवतानाचे फोटो हवेत. खिडकी एकच. ५० एमएम एफ/१.८ आहे, पण घोडी स्पष्ट आली की बोटं पुसट.

एका मीटरवरून एफ/१.८ला स्पष्ट येणारी खोली जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर. एफ/४ला ती सहाच्या आसपास जाते. एफ/४ करा, कानसेच्या हालचालीसाठी १/१२५ ठेवा आणि आयएसओ ६४००पर्यंत जाऊ द्या. दाणे दिसतील, ते नंतर कमी करता येतात, हललेला फोटो मात्र सुधारत नाही. फोकस पॉइंट एकच निवडून घोडीच्या कडेवर ठेवा.

पिवळा बल्ब बंद करा. खिडकीचा निळसर आणि बल्बचा पिवळा उजेड एकत्र आला की भोपळ्याचा रंग कुठल्याच सेटिंगनं नीट येत नाही. कारागिराला खिडकीला आडवं बसवा, समोरून पांढरा थर्माकोल धरा.

इस्लामपूर : स्टॅबिलायझेशन असलेला कॅमेरा घेतला तर साधी लेन्स चालेल ना?

देवघर, वास्तू, स्थिर वस्तूंना चालेल. ते तुमच्या हाताचा कंप थांबवतं, पळणारं पोर नाही.

पाटण : जुनी लेन्स घ्यावी का?

जरूर, पण आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. दोन्ही झाकणं काढा, एका बाजूनं तिरका टॉर्च मारा आणि दुसरीकडून बघा. धुळीचे चार कण चालतील, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर परत द्या. घेतल्यावर कपाटात किंवा चामड्याच्या पिशवीत नको, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

निकॉनवाल्यांसाठी आणखी एक : डी३५००सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ५० एमएम एफ/१.८डी तिच्यावर हातानंच फोकस करावी लागते. एएफ-एस लिहिलेली मागा, तिच्या आतच मोटर असते.