गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात? आधी एवढं सांभाळा

ताई, बायपोलरसाठी (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं, तो आजार) लिथियमची गोळी सुरू झाल्यापासून हसू येत नाही, रडूही येत नाही, असं तुम्ही म्हणता. असं होतं, हे तुमच्या मनाचे खेळ नाहीत. पण ते गोळीमुळे आहे की नैराश्य अजून उतरलं नाही म्हणून, हे घरबसल्या ठरवता येत नाही. एक वही करा. रोज रात्री एकच ओळ: झोप किती तास, मन कसं, गोळी किती वाजता. डॉक्टरांपुढे हीच ठेवा.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- गोळी एकदम बंद करणं. लिथियम अचानक सोडलं की उन्माद (मन बेफाम चढणं) परत उसळण्याचा धोका वाढतो.
- नैराश्याची गोळी स्वतःहून घेणं. बायपोलरमध्ये तीच उन्मादाकडे ढकलू शकते. झोप कमी होऊनही उत्साह मावत नसेल, तर डॉक्टरांना लगेच फोन करा.
- एका जागी बसवत नाही, पाय सारखे हलतात, ही घालमेल चिंता समजून सोसणं. काही अँटिसायकोटिक (उन्माद, भ्रम आवरणाऱ्या) गोळ्यांनी असं होतं, आणि त्यावर इलाज आहे.

आणि आपलं नागपूरचं ऊन! मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो. घामाने, जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. पाणी पीत राहा, मीठ एकदम तोडू नका, अंगदुखीला आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका. हात जास्त थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली, तर थेट दवाखाना गाठा. जीव नकोसा वाटला तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, 14416. रात्रीही लागतो.