गणपतीच्या शाळेचा निकाल

ताई,
मी कुडाळजवळच्या एका गावात राहतो. यंदा बारावी सायन्सला ४९.३३ टक्के मिळाले. दहावीला ८६ होते, इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड. बाबा एसटीत कंडक्टर आहेत. निकाल लागल्यापासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. आईला एवढंच म्हणाले, "गणपतीन बुडवल्यान तेका." सहावीपासून मी वाडीतल्या एका आजोबांच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवायच्या कारखान्यात, जातो. आमच्याकडे घरोघरचे लोक आपला पाट आणून ठेवतात, त्यावर त्या घरचा गणपती घडवायचा. गेल्या वर्षी त्यांनी असे २६ पाट पूर्णपणे माझ्यावर सोपवले. ३८,००० रुपये झाले, रंगांचे ८,००० वजा जाता ३०,००० नफा. त्यातले तिघांचे ४,५०० अजून यायचे आहेत. माती आणि जागा आजोबांची. जूनच्या मध्यापासून चतुर्थीपर्यंत सत्तर दिवस, रोज पाच तास बसायचो. डोळ्यांच्या आखणीला बसलो की रात्र कधी सरते कळत नाही. माती मळायचा मात्र कंटाळा येतो. आजोबांकडे एकूण ११० पाट येतात, त्यांचे मुलगे मुंबईला असतात. आजोबा म्हणतात, "माझो हात आता थरथरता, झिला, शाळा तू सांभाळ." बाबा म्हणतात, बीएस्सीला जा, नाहीतर परत बारावीला बस. मी काय करू? आणि बाबांना कसं समजावू?
– मातीतला

प्रिय मातीतल्या,

आधी भांडण मिटवू. गणपतीनं तुला बुडवलं का? थोडंसं. सत्तर दिवस रोज पाच तास म्हणजे साडेतीनशे तास होतात, तेही बारावीच्या वर्षात. बाबांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती आणि बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. मधल्या पाच महिन्यांत तुझ्या हाताला माती नव्हती. ते महिने कुठे गेले, याबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही. मला वाटतं, ८६ टक्के पडले म्हणून सगळे गेले तिथे, सायन्सला, तूही गेलास आणि फिजिक्सच्या पुस्तकाशी तुझं काही जमलं नाही. तसं असेल तर ते बाबांना स्पष्ट सांग. "मला ते आवडलं नाही आणि मी ते केलं नाही," हे वाक्य जड आहे, पण "मी कलाकार आहे म्हणून मार्क गेले" यापेक्षा खरं आहे. शाळा ही निकालापासून लपायची जागा होता कामा नये. निकालाच्या आठवड्यात घेतलेल्या निर्णयांत लपणंच जास्त असतं, म्हणून या आठवड्यात आजोबांना हो किंवा नाही, काहीच सांगू नकोस.

(आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर चित्रकलेचे वाढीव गुण आहेत ना? इंटरमिजिएटच्या ए ग्रेडला बोर्ड सात गुण देतं. तेव्हा घरात पेढे वाटताना हे सात गुण कोणी बाजूला काढले नव्हते. हे बाबांना ऐकवू नकोस, फक्त स्वतः लक्षात ठेव.)

आता तुझे तीस हजार. मी कागद-पेन घेऊन बसले. जे ४,५०० आलेले नाहीत ते नफा नव्हेत. माती आजोबांची होती. सव्वीस मूर्तींची माती विकत घेऊन, भाड्यानं आणून टाकायची तर चार हजार धरू. उरले २१,५००. साडेतीनशे तासांनी भागले तर तासाला एकसष्ट रुपये. शेडचं भाडं, वाळवायला रात्रभर लावलेले पंखे आणि बल्ब, यातलं काहीच मी धरलेलं नाही.

पुढे जाऊ. ११० पाट, तुझ्याच सरासरीनं मूर्तीमागे १,४६०, म्हणजे एक लाख साठ हजार. माती-रंगाला पन्नास हजार गेले. एकट्यानं ११० होत नाहीत, दोन माणसं लागतील, त्यांना पस्तीस हजार. हातात उरतात पंचाहत्तर हजार. बाराने भागलं की महिन्याला सहा हजारांच्या आसपास. हा आकडा बघून हिरमुसू नकोस. अठराव्या वर्षी एका हंगामात पंचाहत्तर हजार कमावणारी मुलं तुझ्या वर्गात किती आहेत? पण हा हंगाम आहे, पोट नव्हे. चतुर्थी एकदा येते आणि भूक बारा महिने लागते. आजोबांची शेती असेल, कलमं असतील, मुंबईहून मनीऑर्डरी येत असतील; म्हणून ती शाळा चालली. तिचा हिशोब त्यांनी कधी स्वतंत्र मांडला नसेल, कारण मांडायची गरज पडली नसेल. तुला पडणार आहे.

पैशाहून मोठा प्रश्न तुझ्याच एका वाक्यात आहे. आखणी आवडते, मळणं आवडत नाही. मला शिवणाची फार आवड होती. घरच्यांचे, मैत्रिणींचे ब्लाउज मी हौसेनं शिवायचे आणि सगळ्या म्हणायच्या, अगं धंदा कर. केला. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रात्री दोनला तिसऱ्यांदा त्याच बाईच्या बाह्या उसवताना मला कळलं की मला शिवण आवडतं, दुसऱ्याच्या बाह्या आवडत नाहीत. मशीन दोन वर्षं झाकून ठेवलं होतं. तुझं तसंच होईल असं मी म्हणत नाही. पण ११० मूर्तींच्या शाळेत डोळे आखण्याच्या रात्री शेवटच्या दहा-पंधराच. त्याआधी मळणं, साचे भरणं, सोंड तडकली की पुन्हा लिंपणं, पावसाळी हवेत न वाळणाऱ्या पोटावर हात ठेवून वैतागणं. आणि "गेल्या वर्षीसारखाच करा हां, फक्त उंदीर उजवीकडे" हे ऐकून घेणं. गेल्या वर्षी एकोणिसाव्या-विसाव्या मूर्तीला तुला काय वाटत होतं, ते आठव. तिथे उत्तर मिळेल, मला कळवायची गरज नाही.

आजोबांनी जे देऊ केलंय ते नक्की काय आहे, हेही बघ. मूर्तिकाराची खरी मालमत्ता साचे नसतात, पाट असतात. तीन पिढ्या एकाच शाळेत पाट ठेवणारी घरं आहेत, ती आजोबांच्या शब्दावर तुझ्याकडे येतील. हे सोनं आहे. पण शेड कोणाच्या जागेवर आहे? कोकणातला सातबारा तुला मी सांगायला नको. त्यावर किती नावं आहेत आणि त्यातली किती मुंबईला आहेत? आजोबा आहेत तोवर कोणी बोलणार नाही. नंतर एखाद्या मे महिन्यात कोणीतरी येईल आणि म्हणेल, ही पडवी आम्हाला होमस्टेला हवी आहे. म्हणून मुलग्यांशी आत्ताच, आजोबांच्या समोर बोलणं होऊ दे. किती वर्षं, किती भाडं, विजेचं बिल कोणाचं, साचे कोणाचे. स्टॅम्पपेपरवर येऊ दे. यात आजोबांचा अपमान नाही. ते गेल्यावर तुझा होऊ नये, एवढीच काळजी.

पीओपीबद्दल एकच सांगते, कारण शाडूवाले बरेचजण त्याच आशेवर बसलेले दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०२० मध्ये पीओपीला मनाई करणाऱ्या सूचना काढल्या. पण २०२५ च्या जूनमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पीओपीच्या मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही. म्हणजे हलकी, चकचकीत, स्वस्त मूर्ती बाजारात राहणारच. बंदी येईल आणि मातीला भाव येईल असं धरून कर्ज काढू नकोस. तुझं गिऱ्हाईक ते, ज्याला पाटावर घडलेली मातीचीच मूर्ती हवी असते.

तर यंदा काय करायचं? माझं मत असं. ११० नको, ४० घे. बाकीचे आजोबा आणि त्यांचे नेहमीचे हात बघतील. तू त्यांच्याच शाळेत, पण आपला हिशोब वेगळा ठेवून बस. माती यंदा स्वतःच्या पैशानं आण. पाट ठेवायला येईल त्याच्याकडून दोनशे-तीनशे आगाऊ घे; आजोबांनी कधी घेतले नाहीत हे मला माहीत आहे, म्हणूनच तुझे साडेचार हजार अडकले. या वर्षी अधिक ज्येष्ठ आला आहे, चतुर्थी १४ सप्टेंबरला. गेल्या वर्षीपेक्षा अठरा दिवस जास्त मिळतात, ते वाळवायला वापर, जास्त पाट घ्यायला नको.

परत बारावीला बसू नकोस. ज्या विषयाशी जमलं नाही त्याच्याशी पुन्हा वर्षभर झुंजून दहा-बारा टक्के वाढवायचे, ते कशासाठी? बीएस्सीचंही तेच. वर्ष रिकामं दिसू नये म्हणून नाशिकच्या मुक्त विद्यापीठात बी. कॉम.ला नाव घाल. त्यातलं हिशोबाचं तुझ्या उपयोगी पडेल आणि बाबांना पाहुण्यांना सांगायला काहीतरी मिळेल. दुसरीकडे फाइन आर्टच्या सीईटीची तयारी कर. यंदाची होऊन गेली. फॉर्म हिवाळ्यात निघतात, परीक्षा उन्हाळ्यात. वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि एक सामान्य ज्ञानाचा पेपर. तिथे बारावी पास व्हावं लागतं, पण चढाओढ बारावीच्या टक्क्यांची नाही, या पेपरांची आहे. शिल्पकलेला जागा मिळाली तर चार वर्षं जा, आणि दर पावसाळ्यात जमेल तेवढे पाट करायला घरी ये. आकृतीचा सांगाडा, मानेचा कल, दगड, धातू, साचेकाम, हे शाळेत आजोबा शिकवू शकत नाहीत, आणि उरलेल्या नऊ महिन्यांची कमाई त्यातच आहे.

सासवण्याचे शिल्पकार विनायक करमरकर तुला माहीत असतील. अलिबागजवळचं गाव, गणपती घडवणारं घर. पोरानं भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्डनं पाहिलं आणि त्याला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. पुण्यातला १९२८ चा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा त्या हातांचा. सासवण्याला त्यांच्या घरी आजही शिल्पं मांडलेली आहेत, एकदा जाऊन ये. फक्त कलेक्टरची वाट बघत बसू नकोस. हल्ली कलेक्टरच्या जागी सीईटीचा फॉर्म आहे आणि त्याची शेवटची तारीख चुकवली तर कोणी घोड्यावरून शोधत येत नाही.

सीईटीत नाहीच जमलं, किंवा गाव सोडायचं नाही असं ठरवलंस, तर नऊ महिन्यांचं काम तिथेच शोधावं लागेल. नवरात्रातल्या देवी आहेत. दिवाळीत नरकासुराचे मुखवटे आहेत, सावंतवाडीपासून गोव्यापर्यंत. कार्तिकापासून जत्रा सुरू झाल्या की दशावतारी कंपन्यांना मुकुट, गदा, सोंगांचे मुखवटे लागतात. ते कोण करून देतं, किती घेतं, हे एका जत्रेत रात्रभर बसून विचारून ये. मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं कंटाळलेली असतात, त्यांना सकाळी दोन तास माती दे आणि पैसे घे. आणि पिंगुळीला जा, तुझ्यापासून हाकेवर आहे. परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि बाहुल्या टिकवल्या, घरच्या गोठ्याचं कलादालन केलं. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पद्मश्रीबद्दल काही विचारू नकोस. पद्मश्रीच्या आधीची सगळी वर्षं घर कसं चाललं, ते विचार.

राहिले बाबा. त्यांना समजावू नकोस. अठरा वर्षांच्या मुलानं समजावलेलं कुठल्याही बापाला समजत नाही. त्यांचा राग मार्कांचा आहे असं तुला वाटतंय, मला वाटतं ती भीती आहे. महिन्याच्या ठरल्या तारखेला पगार म्हणजे काय, हे त्यांना माहीत आहे, आणि पगार थकला की घरात काय होतं हेही एसटीतल्या माणसाला दुसऱ्या कोणी सांगायला नको. त्यांच्यापुढे "माझी आवड" हा शब्द काढूच नकोस. पण रोज शेवटची फेरी झाल्यावर तिकिटाला तिकीट आणि पैशाला पैसा जुळवून डेपोत भरणा करणारा हा माणूस आहे. एवढा पक्का हिशोबनीस घरात असताना तू रंगांचे आठ हजार वजा करून नफा काढतोस!

एक दोनशे पानी वही आण. या पत्रातली आकडेमोड तिच्यात उतरव, एकसष्ट रुपयांसकट, काही लपवू नकोस. जेवणं झाल्यावर त्यांच्यापुढे ठेव आणि म्हण, यंदा चाळीस पाट घेतोय, वही तुम्ही लिहाल का? त्या रात्री हो म्हणणार नाहीत. वही उघडतील मात्र, आणि माझा अंदाज आहे, बेरजेत एखादी चूक काढतील. काढू दे. मग त्यांना पैसे थकवणाऱ्या त्या तिघांची नावं सांग आणि वसुलीला बरोबर चला म्हण. फुकट्या प्रवाशांची त्यांना सवय असेलच.

तुझी
ताई