वाचकांचे प्रश्न : हमरस्त्यावर जास्त धावणाऱ्या फोर-बाय-फोर गाडीला टायर कोणते?

प्रश्न : मी लातूरला राहतो. माझ्याकडे २०२१ सालची डिझेल थार (महिंद्राची, चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी म्हणजे फोर-बाय-फोर गाडी) असून तिला २४५/७५ आर १६ मापाचे टायर आहेत. ते आता घासत आले आहेत. रेणापूर तालुक्यात आमची शेती आहे आणि तिथले शेवटचे दोन किलोमीटर पाणंद रस्त्याचे आहेत. महिन्यातून दोन-तीनदा अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा या मार्गाने छत्रपती संभाजीनगरला जाणे होते. वर्षाला साधारण २२ हजार किलोमीटर होतात, त्यांतले कच्च्या वाटेचे जेमतेम अकराशे असतील. गेल्या पावसाळ्यात गाडी पाणंदीत दोनदा फसली आणि ट्रॅक्टर लावून ओढावी लागली. मित्र म्हणतात, मोठ्या मापाचे मड टायर, म्हणजे चिखलासाठीचे टायर घे. दुकानदार म्हणतो, साधे हायवे टायर पुरतील. ऑल-टेरेन, म्हणजे पक्क्या आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांसाठीचे टायर घ्यावेत असे माझ्या मनात आहे. योग्य काय?

उत्तर : आपण किलोमीटरचा हिशेब दिलात हे फार बरे केलेत, कारण निम्मे उत्तर त्यातच आहे. शंभरातले पंचाण्णव किलोमीटर डांबर आणि सिमेंटचे आहेत आणि उरलेले पाच पाणंदीचे. माझे मत स्पष्ट आहे : आपण ऑल-टेरेनच घ्यावेत, परंतु त्यांतलेही सौम्य नक्षीचे आणि गाडीच्या मूळ मापाचे. निवड करताना चिखल नव्हे, तर ओल्या डांबरावरचा ब्रेक डोळ्यांसमोर ठेवावा.

आधी चिखलाचेच बोलू, कारण आपल्या मनातली खरी सल ती आहे. मराठवाड्यातली काळी जमीन पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अशी माती ओली असताना टायरला नुसती लागत नाही, ती चिकटून बसते. पाणंदीत पन्नास पावले जाईपर्यंत नक्षीतल्या साऱ्या खाचा लिंपून जातात आणि मग टायर ऑल-टेरेन असो की हायवे, तो रस्त्याच्या दृष्टीने गोटाच झालेला असतो. मड टायरच्या खाचा रुंद असतात, त्यामुळे चाक वेगाने फिरले तर तो थोडी माती झटकून टाकतो. पण तुरीच्या आणि उसाच्या रानांमधून जाणाऱ्या अरुंद वाटेवर, दोन्ही बाजूंना चारी असताना, चाके गरगर फिरवत गाडी पुढे काढणे हा उपाय नव्हे, ते संकट आहे. शेतकरी पेरणीसाठी वापसा येण्याची वाट पाहतो, तशीच ती गाडीसाठीही पाहावी. जोराचा पाऊस पडून गेल्यावर दीड-दोन दिवस उघडीप मिळाली, ऊन पडले आणि वाटेचा वरचा पापुद्रा सुकला की जी गाडी काल फसली तीच आज त्याच टायरवर निघून जाते. आपली गाडी दोनदा फसली ती टायरमुळे कमी आणि त्या दिवशीच्या घाईमुळे अधिक, असे मला वाटते. त्या दोन दिवसांसाठी वर्षभर मड टायर फिरवू नयेत. मुरमाची, खडीची किंवा बालाघाटाच्या डोंगरातली दगडगोट्यांची वाट असेल, तर मात्र ऑल-टेरेन पुरेपूर उपयोगी पडतो आणि तिथे तो हायवे टायरपेक्षा निःसंशय सरस आहे.

आता ओल्या डांबराकडे वळू. टायरची पकड दोन गोष्टींवर अवलंबून असते : जमिनीला प्रत्यक्ष टेकलेले रबर किती आहे, आणि त्याखालचे पाणी बाजूला सारायला वाट किती आहे. मड टायरमध्ये खाचा मोठ्या आणि रबराचे ठोकळे दूर दूर असतात, म्हणजे टेकणारे रबरच कमी असते. ब्रेक लागला की ते उंच ठोकळे मुडपतात आणि गाडी थांबायला जास्त अंतर घेते. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावर साचलेले तेल आणि धूळ मिळून जो निसरडा लेप तयार होतो, किंवा उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातली काळी माती हमरस्त्यावर आणून टाकलेली असते आणि तिच्यावर अवकाळीचा शिडकावा होतो, तेव्हा हे वाढीव अंतर जिवावर बेतू शकते. मांजरसुंब्याच्या घाटात पुढचा ट्रक अचानक थांबला, तर आपल्याला वाचवणार आहे तो ओल्या रस्त्यावरचा ब्रेक. पाणंदीत अडकल्याने फार तर अर्धा दिवस जातो.

दुकानात गेल्यावर टायर भिंतीला टेकवून ठेवलेला पाहू नका. तो जमिनीवर उभा करायला सांगा आणि नक्षी जवळून बघा. मधल्या भागातले ठोकळे एकमेकांना चिकटून, जवळजवळ सलग पट्टीसारखे असावेत आणि खांद्याकडचे, म्हणजे बाहेरच्या कडेचे, तेवढे मोकळे असावेत. प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. ओल्या रस्त्यावर या चिरांच्या कडाच पाण्याचा पातळ थर कापून रबर रस्त्याला भिडवतात. त्यांत नख घालून पाहा. चिरा वरवरच्या असतील तर टायर थोडा घासला की त्या नाहीशा होतात आणि मग उरतो तो नुसता ठोकळ्यांचा टायर. चिरा खोलवर गेलेल्या असतील तर तो टायर मला पसंत आहे. हमरस्त्यावर जास्त धावणाऱ्या गाडीसाठी मी कंपनीच्या नावाआधी हीच गोष्ट पाहतो.

मोठे माप घेण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्या मापात २४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे, ७५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के आणि १६ इंचांची डिस्क (टायर ज्यावर बसतो ती धातूची चकती). या हिशेबाने चाकाचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर येतो. मित्र सुचवतात तसे २६५/७५ आर १६ घेतले तर तो सुमारे ८०४ होतो, म्हणजे जवळपास चार टक्क्यांनी वाढतो. मग वेगाचा काटा ९६ दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात १०० ने धावत असते. शिवाय जड चाक फिरवायला इंजिनाला आणि थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या भागाला घासण्याची शक्यता असते. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना आडकाठी करते, त्यामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यात या गोष्टीवर बोट ठेवले जाऊ शकते.

टायरच्या बाजूवर मापाच्या शेजारी एक आकडा आणि एक अक्षर असते. आकडा भार सांगतो : १११ म्हणजे एका टायरवर १०९० किलो. अक्षर वेगमर्यादा सांगते : क्यू म्हणजे ताशी १६० किलोमीटर, एस म्हणजे १८०, टी म्हणजे १९०. गाडीसोबत आलेल्या टायरवर जे लिहिले आहे त्यापेक्षा भार किंवा वेग यांपैकी काहीही कमी घेऊ नये. मापाआधी एल टी ही अक्षरे असतील तर तो हलक्या ट्रकसाठीचा, जाड बांध्याचा टायर आहे. तो दणकट असतो, पण जड आणि कडक असतो, आणि तेवढाच भार पेलायला त्याला हवाही जास्त लागते. आपल्या वापराला त्याची गरज नाही. त्याच बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात, ते जरूर वाचा. १८२५ असे असेल तर टायर २०२५ सालच्या अठराव्या आठवड्यात बनलेला आहे. मला एकदा ‘नवा माल’ म्हणून दिलेला टायर तीन वर्षे गोदामात पडून होता, हे मी घरी आल्यावर वाचले. तेव्हापासून मी पैसे देण्याआधी दुकानातच खाली बसून हे आकडे वाचतो.

हवेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण चांगला टायर वाया जातो तो बहुधा इथेच. दाब सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना तपासावा. कंपनीने ठरवलेला दाब चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआयने (हे हवेच्या दाबाचे एकक) वाढतो. म्हणून मे महिन्यात दुपारी तीनला केजजवळ थांबून दाब पाहिला तर तो जास्तच दिसणार. त्या वेळी हवा सोडू नये. खरा धोका उलटा आहे. कमी हवेचा टायर चालताना सतत मुडपतो, त्यातून उष्णता निर्माण होते, आणि तापलेल्या सिमेंटवर वेगात तो फुटू शकतो. पाणंदीत भुसभुशीत मातीसाठी दाब वीस पीएसआयच्या आसपास उतरवणे योग्य आहे, कारण टायर पसरतो आणि पकड वाढते. पण डांबराला लागण्याआधी तो पुन्हा भरलाच पाहिजे. त्यासाठी बारा व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत कायम ठेवा. मड टायरपेक्षा त्या पंपाचा आपल्याला अधिक उपयोग होईल.

एका गोष्टीची सूचना मात्र द्यायलाच हवी. आपल्या भागात लोक वेड्या बाभळीच्या काट्यांना भितात. काटा नक्षीतून गेला तर पंक्चर निघते, आणि ऑल-टेरेनच्या जाड रबरात तो पुष्कळदा आतपर्यंत पोहोचतही नाही. मला जास्त भीती वाटते ती तुरीच्या आणि कपाशीच्या धसकटांची. तूर विळ्याने तिरकी कापली जाते आणि वाळल्यावर ते खुंट खिळ्यासारखे टणक होतात. तीन वर्षांपूर्वी मी समोरून येणाऱ्या बैलगाडीला वाट देण्यासाठी गाडी बांधावरून रानात घेतली, तेव्हा अशा एका धसकटाने मागच्या टायरची बाजू बोटभर चिरली. बाजूला गेलेली चीर कोणत्याही पट्टीने सुरक्षित होत नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो. तेव्हा कापणी झालेल्या रानात गाडी घालू नका. वाट अरुंद असेल तर थांबा आणि थोडे मागे या.

नवे टायर बसवताना बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करून घ्या, आणि दर आठ ते दहा हजार किलोमीटरवर पुढचे-मागचे टायर आपसांत बदला. ऑल-टेरेनचे ठोकळे एका बाजूने जास्त घासून करवतीच्या दात्यांसारखे होतात आणि मग चाकातून घरघर ऐकू येऊ लागते. फिरवाफिरव वेळेवर केली तर ती बरीच टळते.

प्रश्न : मी जालन्याहून समृद्धी महामार्गाने नेहमी नागपूरला जातो. ऑल-टेरेन टायर घेताना डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेले महागडे टायर घ्यावेत का? आणि नायट्रोजन भरावा का?

उत्तर : ते चिन्ह बर्फातल्या पकडीच्या चाचणीचे आहे. आपल्याकडे त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही. आयएसआय चिन्ह मात्र पाहून घ्या. नायट्रोजनने दाब थोडा हळू उतरतो, एवढाच फायदा. पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि पंधरवड्याला दाब तपासण्याची सवय त्याहून मोलाची आहे. समृद्धीवर हलक्या वाहनांना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि रस्ता लांबलचक सरळ आहे, त्यामुळे टायर तासन्‌तास एकाच वेगाने तापत राहतो. ऑल-टेरेन टायरवर मी स्वतः तिथे १०० च्या वर जात नाही आणि दर दीड-दोन तासांनी थांबून चारही टायरच्या बाजूंना हात लावून पाहतो. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला, तर त्यात हवा कमी आहे असे समजावे.

प्रश्न : धाराशिवहून विचारतो आहे. मागचे दोनच टायर घासले आहेत. फोर-बाय-फोर गाडीला दोनच नवे ऑल-टेरेन घातले तर चालेल का, की पाचही घ्यावे लागतील?

उत्तर : चारही एकसारखे घ्या. नव्या आणि घासलेल्या टायरच्या घेरात फरक असतो. फोर-बाय-फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा धुरा एकत्र जोडला जातो, आणि घेर वेगळे असतील तर तो ताण गिअरच्या भागांवर येतो. असाच ताण वळणावरही येतो, म्हणून कोरड्या डांबरावर फोर-बाय-फोर लावू नये. पाचवा टायर सध्या नाही घेतला तरी चालेल. चारांपैकी सगळ्यांत कमी घासलेला जुना टायर स्टेपनीला ठेवा, मात्र त्याच्या नक्षीची खोली खाचांतल्या १.६ मिलिमीटरच्या झीज-मर्यादेच्या खुणेपेक्षा बरीच जास्त आहे ना, आणि बाजूला भेगा नाहीत ना, हे आधी पाहा. स्टेपनीवर चालावे लागलेच, तर फोर-बाय-फोर न लावता फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंतच जा.