बाबा कुठे आहेत, हे तिला सांगू का?

म्हापशाच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो, माणसं तेवढी बदलतात. कोलवाळच्या तुरुंगात भाऊ असलेली बहीण विचारते, आखातात व्हिसा संपून अडकलेल्या मुलाची आई विचारते. पोरांना काय सांगायचं? खरं तर उत्तर घरी ठरलेलंच असतं: काही सांगायचं नाही. माझ्याकडे येतात ते त्यावर शिक्का मारून घ्यायला. मी तो मारत नाही, म्हणून काही जण परत येत नाहीत. ही सासू-सून मात्र परत आली, म्हणून त्यांचं सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

डिचोली तालुक्यातलं घर. नवऱ्याचे वडील १९६१च्या आधी, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मलेले. त्या आधारावर त्याने लिस्बनला जन्मनोंद केली, पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि २०२२ साली इंग्लंडमधल्या स्विंडनला गेला. वाड्यावरचे आधी गेलेले सगळे तिथे सुखात होते, पण ते ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, आधी पोचलेले. ३१ डिसेंबर २०२० नंतर त्या पासपोर्टवर नव्याने जाणाऱ्याला सहा महिने पाहुणा म्हणून राहता येतं, काम करता येत नाही. एजंटने पैसे घेतले, हे सांगितलं नाही. दोन वर्षांनी गोदामातून त्याला उचललं आणि हीथ्रो विमानतळाजवळच्या स्थानबद्धता केंद्रात ठेवलं.

घरच्यांनी पणजीत एका कार्यालयाचे उंबरे झिजवले. उत्तर एकच: तो आता भारतीय नागरिक नाही. १९६३च्या व्हिएन्ना करारानुसार अटकेतल्या परदेशी माणसाला आपल्या वकिलातीशी संपर्क करायचा हक्क असतो, पण त्याची वकिलात आता पोर्तुगालची. परत पाठवलं तरी बहुधा तिकडेच, जिथे त्याचं ओळखीचं कुत्रंसुद्धा नाही.

आणि सात वर्षांच्या मुलीला सांगितलेलं: बाबांना काम फार आहे.

"मग काय, बाप जेलात आहे म्हणून सांगू नातीला?" सासूबाई पहिल्याच दिवशी माझ्यावर घसरल्या.

मी विचारलं, "आजी, आपल्या म्हापशात जुन्या उपकारागृहात आता कोणाला ठेवतात, ठाऊक आहे?" २०१९पासून तिथे परदेशी नागरिकांसाठी असंच केंद्र आहे.

"ते परदेशी. व्हिसा संपलेले."

"चोर आहेत?"

"चोर कसले! कागद संपलेत त्यांचे."

बोलून त्या गप्प झाल्या. बराच वेळ पदराचं टोक चुरगाळत बसल्या. अशा वेळी काही न बोलणं मला जमायला दहा वर्षं लागली.

सुनेची तक्रार वेगळी होती. स्विंडनला नवऱ्याचा चुलतभाऊ राहतो, त्याचे कागद पक्के. सव्वा-दीड तासाचा रस्ता. पण नवरा म्हणतो, येऊ नकोस. तिथल्या स्थानबद्धता केंद्रांची २००१ची नियमावली चांगली आहे: ठेवलेल्या माणसाला, वेळ आणि अटी पाळून, हव्या तितक्या भेटी घेता येतात. भेटणाऱ्याने आधी वेळ घ्यायची, फोटो असलेलं ओळखपत्र न्यायचं. कॅमेऱ्याचा फोन काढून घेतात, पण साधा देतात, आणि वेळ ठरवून व्हिडिओवर बोलता येतं. सुटका कधी, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण तिथे ठेवण्याला दिवसांची कमाल मर्यादाच नाही. ही अनिश्चितता माणसाला आतून पोखरते.

हे सगळं तिने नवऱ्याला फोनवर सांगून पाहिलं होतं. उपयोग शून्य. तोंड लपवून बसलेल्याला नियम वाचून दाखवले तर तो आणखी आत सरकतो. त्याला काहीतरी काम द्यावं लागतं. ते कोणतं, हे मला मुलीकडून कळलं.

तिला एकटीला भेटले. माझ्याकडे खेळण्यांच्या टोपलीत सुतळीचं बंडल असतं, ती त्याच्याशी गाठी मारत बसली होती. माटोळीसाठी, म्हणाली. माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन आठवड्यांवर होती आणि घरात माटोळी बाबा बांधायचे.

"या वर्षी कोण बांधणार?"

तिने दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू: "बाबांना तिथे धरून ठेवलंय. पण आईला सांगू नका हं. तिला वाटतं, मला माहीत नाही."

रात्री चादरीखालून सगळं ऐकलेलं. पाच महिने हे पोर आईला सांभाळत होतं. आईसमोर बाबांचं नाव काढत नव्हतं, आणि आई समजत होती की मुलगी बापाला विसरली. मी घराकडे नेहमी माटोळीसारखी बघते. एक नारळ काढा, कलते ती सगळी चौकट, आणि कुठलं तरी लहानसं फळ गपचूप जास्त भार घेतं. मुलांना लांब बोर्डिंगवर ठेवायला सांगणारे समुपदेशकही आहेत. माझं त्यांच्याशी पटत नाही.

मुलीला विचारूनच मी आईला आत बोलावलं. काय बोलायचं ते आधी ठरवलं होतं, आणि अशा घरांना मी साधारण तेच सांगते. बाबांच्या कागदांत चूक झाली, ती निस्तरेपर्यंत त्यांना एका जागी ठेवलंय. ते जेवतात, झोपतात, त्यांना फोन करता येतो. तुझ्यामुळे काही झालेलं नाही. कधी येणार, ते आम्हालाही माहीत नाही. हे शेवटचं वाक्य मोठ्यांना सगळ्यात जड जातं आणि ते चवथीची, नाताळाची तारीख देऊन मोकळे होतात. तारीख देऊ नका. एकदा चुकली की मूल पुढचं खरंही मानत नाही. वाड्यावर काय सांगायचं, हेही मुलासोबतच ठरवा, नाहीतर शाळेत ते एकटंच खोटं सांभाळत बसतं.

आईचं दुसरं वाक्य पुरं झालंच नाही. मुलगी उठून तिच्या मांडीवर जाऊन बसली, सुतळीसकट.

मग चुलतभावाला निरोप धाडला: भेटायला येतो म्हणू नकोस, माटोळीच्या गाठी विचारायच्या आहेत म्हण. नवरा हो म्हणाला. भावाने परतल्यावर गाठींची चित्रं काढून पाठवली, एक उलटी.

चवथीच्या आदल्या दिवशी दुपारी व्हिडिओची वेळ मिळाली, तिकडे सकाळ होती. सून नंतर सांगत होती. सासूबाई आधी स्वयंपाकघरातून बाहेरच येईनात. मुलीने फोन वर धरून सुपारीचा घोस, तोरिंग, आंबाडे दाखवले. मुलगा म्हणाला, "आई कुठे? कवंडळं एकाच बाजूला बांधलीत, तिला बघायला सांग." तशा त्या हात पुसत आल्या आणि पडद्याकडे न बघता म्हणाल्या, "मग तूच सांग, कुठली सोडू?"